२८ मार्च १९६४ : गाठीत सापडला विषाणू

‘द लॅन्सेट’ने या दिवशी अँथनी एपस्टीन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांचा शोधनिबंध छापला. माणसातल्या कर्करोगाशी नाते जुळलेला हा पहिला विषाणू : एपस्टीन-बार.

युगांडातील मुलांच्या जबड्यांत वाढणाऱ्या लिम्फोमावर (लसिका पेशींच्या कर्करोगावर) डेनिस बर्किट यांनी १९६१ मध्ये लंडनला दिलेले व्याख्यान ऐकून एपस्टीन झपाटले. गाठींचे नमुने येत राहिले, विषाणू दिसेना. डिसेंबर १९६३ मध्ये असाच एक नमुना आणणारे विमान धुक्यामुळे मँचेस्टरला वळले. उशिरा पोचलेला नमुना गढुळला होता. एपस्टीन यांनी तो टाकून न देता तपासला, आणि त्यात जिवंत सुट्या पेशी तरंगत होत्या! त्याच वाढवल्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात विषाणू दिसला.

आज बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो असतो. लिम्फोमा मात्र मोजक्यांनाच होतो. आफ्रिकेत विषाणूला वारंवारच्या मलेरियाची साथ मिळते.