पाठभेद

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास मी माझ्या लायब्ररीची नवी आवृत्ती सोडली आणि समाधानानं झोपायला गेलो. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. इतर प्रोग्रामर मंडळींनी उचलावा आणि आपापल्या कामात जोडावा असा तयार कोड. माझी लायब्ररी एकच काम करते. मराठीतले दोन मजकूर घ्यायचे, शेजारी-शेजारी लावायचे, आणि कुठे काय वेगळं आहे, एकूण साम्य किती टक्के आहे ते सांगायचं. कोड सर्वांना खुला, फुकट. सहा वर्षं माझे शनिवार-रविवार त्यात जातायत. "ह्याचे पैसे मिळतात का?" हा प्रश्न घरात आता कुणी विचारत नाही.

चौथ्या दिवशी एका प्राध्यापक बाईंची मेल आली. त्या एका संतकवीच्या पोथ्यांवर प्रबंध लिहीत होत्या. नऊ पोथ्या, म्हणजे तुलनेच्या छत्तीस जोड्या. त्यातल्या साम्यावरून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली असावी याचा अंदाज बांधायचा. "सर, नवीन कॉम्प्युटरवर तुमचा प्रोग्राम घेतला आणि सगळे आकडे बदलले. तुमचा प्रोग्राम सुधारला असेल हो, पण माझा प्रबंध गेल्या वर्षीच्या प्रोग्रामवर उभा आहे. तीन आठवड्यांनी जमा करायचाय."

पोटात गोळा आला.

मी केलं होतं काय, ते सांगतो. युनिकोडच्या हिशेबात 'किती' म्हणजे चार चिन्हं: क, वेलांटी, त, वेलांटी. पोथी उतरवणाऱ्याची पहिली वेलांटी राहिली आणि 'कती' झालं, तर चारांतलं एक चिन्ह चुकलं, साम्य ७५ टक्के. पण आपण मराठी माणसं 'किती' हा शब्द दोन अक्षरी समजतो. त्या हिशेबानं दोनांतलं एक अक्षर चुकलं, साम्य ५० टक्के. मला दुसरा हिशेब जास्त मराठी वाटला. नव्या आवृत्तीत मी तो आपोआप लागू केला. सुधारणाच होती ती! फक्त ती माझ्या घरात न होता बाईंच्या प्रबंधात झाली होती.

आपली चूक कळली की आधी ती आणखी कुणी केली होती का, हे शोधत बसायची मला वाईट सवय आहे. त्या आठवड्यात मी रात्री जागून दोन मजकुरांच्या तुलनेचा इतिहास वाचला. मोठा गमतीचा आहे तो.

पहिली गंमत म्हणजे ही विद्या एका घरात जन्मलीच नाही. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञानं १९६५ साली संदेशातल्या चुका दुरुस्त करण्याच्या संदर्भात विचारलं, की एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतील? त्या संख्येला आज त्याच्याच नावानं अंतर म्हणतात. १९७० मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी प्रथिनांच्या साखळ्या जुळवण्यासाठी जवळपास तीच युक्ती काढली. १९७४ साली वॅग्नर आणि फिशर यांनी ती संगणकशास्त्राच्या भाषेत मांडली. युक्ती एकच, चौकटींचा तक्ता काढून एकेक घर भरत जाण्याची. प्रत्येकानं 'एक घर' म्हणून काय धरलं, एवढाच फरक. कुणी अक्षर, कुणी अमिनो आम्ल.

त्याच १९७४ मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्सची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत 'डिफ' नावाचा छोटासा प्रोग्राम. कर्ता डग्लस मॅक्लरॉय. युनिक्समधल्या 'पाइप'ची कल्पना मांडणारे तेच. त्यांनी आणि जेम्स हंट यांनी त्यामागची रीत १९७६ च्या एका तांत्रिक अहवालात लिहून ठेवली. त्या काळच्या यंत्रांची स्मृती इतकी तुटपुंजी, की मोठ्या फायलींसाठी सरळ तक्ता मांडायची सोयच नव्हती. म्हणून त्यांनी 'एक घर' म्हणजे एक अख्खी ओळ धरली. प्रत्येक ओळीचा एक आकडा करायचा, जुळणारे आकडे शोधायचे, आणि दोन्हीकडे त्याच क्रमानं येणारी जास्तीत जास्त लांब सामायिक मालिका काढायची. तिच्याबाहेर उरलं तो फरक. पुढे १९८६ मध्ये यूजीन मायर्स यांनी यापेक्षा चपळ रीत शोधली. फरक थोडे असतील तर काम चटकन उरकतं, हे तिचं वैशिष्ट्य. गिट वापरणारे प्रोग्रामर आज फरक बघतात तो बहुधा याच रीतीनं काढलेला असतो.

दुसरी गंमत १९८५ ची. लॅरी वॉल यांनी 'पॅच' लिहिला. डिफनं काढलेला फरक त्याला दिला की तो जुन्या फायलीवर चढवून नवी फाइल तयार करून देतो. अख्खा प्रोग्राम पाठवायची गरज उरली नाही, फरक तेवढा पाठवा! एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एकाच कोडवर काम करू लागली ती यामुळे. ओपन सोर्सची सगळी इमारत फरकांच्या देवघेवीवर उभी आहे म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

पण पॅच आल्याबरोबर डिफच्या पायात एक बेडी पडली. डिफचं उत्तर आता नुसती माणसं वाचत नव्हती, दुसरा प्रोग्रामही वाचत होता. त्याची मांडणी बदलली तर कुठे काय मोडेल कोण जाणे! १९९० मध्ये वेन डेव्हिसन यांनी फरक दाखवायची सुटसुटीत 'युनिफाइड' मांडणी केली. १९९१ च्या जीएनयू डिफमध्ये तीही आली आणि हळूहळू सगळ्यांची लाडकी झाली. तरीही नुसतं 'डिफ' म्हणून दोन फायली द्या, आजही समोर येतं ते सत्तरच्या दशकातलं जुनं रूप! नवं हवं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. आधी मला हा नुसता हट्ट वाटायचा.

तिसरी गोष्ट तर थेट माझ्या वर्मावर. पायथन भाषेबरोबर 'डिफलिब' नावाची लायब्ररी मिळते. टिम पीटर्स यांनी लिहिलेली ही लायब्ररी २००१ साली पायथनच्या २.१ आवृत्तीत दाखल झाली. कमीत कमी फरक काढण्यापेक्षा माणसाला पटेल असा फरक दाखवणं हा तिचा बाणा. तिच्यात वेग वाढवण्यासाठी एक खुबी बसवली होती. दुसऱ्या मजकुरात दोनशे किंवा जास्त घटक असतील आणि एखादा घटक त्यात साधारण एक टक्क्याहून जास्त वेळा येत असेल, तर जुळणी शोधताना तो जमेस धरायचा नाही. कोडच्या ओळींसाठी हे शहाणपणाचं आहे, कारण नुसत्या कंसाची ओळ शंभरदा येते आणि तिच्या जुळण्याला काही अर्थ नसतो. पण घटक म्हणजे अक्षर असलं तर? मराठी परिच्छेदात काना किती वेळा येतो बघा. र, त, य, वेलांटी... नेहमीची सगळी मंडळी एक टक्क्याच्या वर. म्हणजे भाषाच बाद! दीडशे अक्षरांपर्यंत बरे येणारे आकडे दोनशेनंतर अचानक ढासळायचे. माझी लायब्ररी मी लिहायला घेतली ती याच वैतागातून.

मग ही खुबी काढून का टाकली नाही? कारण मधल्या वर्षांत कितीतरी लोकांचे निकाल तिच्यावर बेतलेले होते. २०१० च्या पायथन २.७.१ मध्ये आणि पुढे ३.२ मध्ये तिला एक बटण बसवलं, हवं तर खुबी बंद करा. न सांगता चालू राहते ती मात्र जुनीच रीत. चूक ठाऊक असूनही कुणाच्या पायाखालची फळी काढायची नाही. मी ज्या लायब्ररीला सहा वर्षं नावं ठेवली, तिच्या सांभाळणाऱ्यांना हे कळत होतं. मला नव्हतं.

हे सगळं वाचताना पुण्यातल्या भांडारकर संस्थेची आठवण येत राहिली. तिथे १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं ते १९६६ मध्ये पुरं झालं. १९२५ पासून वि. स. सुकथनकर मुख्य संपादक होते, १९४३ मध्ये ते गेले. काम चालूच राहिलं. १२५९ हस्तलिखितं गोळा केली आणि पाठ हातानं ताडून पाहिले. तोही डिफच, माणसांनी चालवलेला. आणि छापताना काय केलं? ठरवलेला पाठ वर, नाकारलेले पाठभेद त्याच पानावर खाली. आमचा निर्णय हा, पण तुम्हाला वेगळा घ्यायचा असेल तर सामग्री ही घ्या. बटणच की हे!

त्या शनिवारी मी जुना हिशेब परत आणला. नुसतं विचारलं तर चिन्हांनी मोजायचं. अक्षरांनी हवं असेल तर तसं सांगायचं. दहा ओळींचा बदल, पण त्याला सहा वर्षं लागली म्हणा. बदलांच्या यादीत पहिल्याच ओळीत लिहिलं: मागच्या आवृत्तीत आकडे न सांगता बदलले होते, ही माझी चूक.

बाईंना कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, छत्तीसच्या छत्तीस आकडे जुळले. खाली एक ओळ होती: "अक्षरांनी मोजलेलेही परिशिष्टात देते, तेही बोलके आहेत. आणि सर, प्रबंधात तुमच्या प्रोग्रामच्या आवृत्तीचा क्रमांक लिहायचाय. तो पुढेही मिळत राहील ना?"

हो म्हणून कळवलं. आता तो सांभाळणं आलं.