ख्रिस्ती मंडळींतील प्रकट पापनिवेदन

ख्रिस्ती माणसानें आपलीं पापें स्वधर्मीयांसमोर उघडपणें सांगण्याची चाल अलीकडच्या पंथांनीं काढली, आणि पाद्र्यापाशीं गुप्तपणें सांगणें, म्हणजे गोमंतकांत ज्यास कुमसार म्हणतात तें, मूळचें होय, असा समज आपल्याकडे आढळतो. साधनें पाहतां क्रम उलट दिसतो. मात्र हा पालट श्रद्धा शिथिल झाल्यामुळें घडला, असें जें सांगण्यांत येतें तें आम्हांस मान्य नाहीं.

पहिलें साधन 'डिडाखे' म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण हा ग्रीक ग्रंथ. पहिल्या शतकाची अखेर किंवा दुसऱ्याचा आरंभ हा त्याचा काळ बहुतेक पंडित धरितात. मंडळीच्या सभेंत आपले अपराध कबूल करावे, व प्रभूच्या दिवशीं भाकरी मोडण्यापूर्वीं पापें सांगावीं, म्हणजे अर्पण शुद्ध राहील, अशी त्यांत दोन ठिकाणीं आज्ञा आहे. ग्रंथाचें नांव जुन्या उल्लेखांवरून ठाऊक होतें. संपूर्ण ग्रीक संहिता मात्र १८७३ सालीं फिलोथिऑस ब्रिएनियस यांस कॉन्स्टँटिनोपल येथें, यरुशलेमच्या धर्मपीठाच्या ग्रंथसंग्रहांत सांपडली व १८८३ त छापून निघाली. पोथी चर्मपत्राची, १२० पानांची. पुष्पिकेंत ११ जून १०५६ ही मिति असून लेखक लेओन यानें आपल्या नांवापुढें 'नोटरी व पापी' असें लिहिलें आहे. आपल्याकडील लेखक दृष्टिदोषाची क्षमा मागून थांबतात. यानें एकदम सगळ्याच दोषांची कबुली देऊन टाकली!

कार्थेज येथील टर्टुलियन याचा प्रायश्चित्तावरील ग्रंथ इ. स. २०३ च्या सुमाराचा. तरट नेसून व राख फांसून पापी वडिलांच्या पायां पडे आणि आपणांसाठीं प्रार्थना करण्याविषयीं बांधवांस विनवी, असें त्यांत वर्णन आहे. लाजेमुळें पुष्कळ जण हें टाळतात ही तक्रारही त्याचीच. तेव्हां लाज कांहीं मागाहून उत्पन्न झाली नाहीं. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. तरट नेसलेला मनुष्य पापी हें सर्वांस दिसे. त्याचें पाप कोणतें हें सर्वांस कळेच, असें नाहीं. हा भेद न केल्यानें पुष्कळ लिहिणाऱ्यांचा घोटाळा झाला आहे.

खरा उलगडा पोप पहिला लिओ याच्या ६ मार्च ४५९ च्या पत्रांत होतो. कँपानिया, सॅम्नियम व पिसेनम या प्रांतांच्या बिशपांस तें लिहिलें आहे. तिकडे पाप्यांकडून पापांची यादी लिहवून ती सभेंत वाचण्याचा प्रघात पडला होता. लिओ तो बंद करवितो. पापें एकट्या पुरोहितास गुप्तपणें सांगितलीं म्हणजे पुरे, असें त्याचें म्हणणें. नाहीं तर कोणी लाजेनें, तर कोणी आपलीं कृत्यें शत्रूंस कळून त्यांवर कायद्याचा इलाज होईल या भीतीनें, प्रायश्चित्तापासून दूर राहतील. आमच्या मतें हें दुसरें कारणच मुख्य. छळाच्या काळीं ऐकणारे व सांगणारे एकाच संकटांत होते. ३८० त बादशाही आज्ञेनें हाच राजधर्म झाल्यावर त्याच सभेंत वादी, सावकार व अंमलदार येऊन बसूं लागले. तोंडचा शब्द विरतो, कागद मात्र कचेरींत पुरावा होतो. कॉन्स्टँटिनोपल येथें ३९१ च्या सुमारास एका कुलीन स्त्रीच्या निवेदनावरून बोभाटा झाला, तेव्हां बिशप नेक्टेरियस यानें तर या कामासाठीं नेमलेल्या पुरोहिताची जागाच मोडली.

आपल्या धर्मशास्त्रांतही परिषदेपुढें पाप सांगण्यास स्थान आहे, आणि रहस्यपापास प्रायश्चित्त वेगळें. पण तो विषय स्वतंत्र आहे.

जून १९०५ मध्यें केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत मुलींनीं रडत रडत सर्वांदेखत पापें सांगितलीं. ऐकणाऱ्या आणि सांगणाऱ्या एकाच छपराखालच्या, बहुतेक निराधार. अशा ठिकाणीं जुनी चाल पुन्हां उगवली यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. तसल्या निवेदनांचे कागद कोणा संग्राहकाच्या हातीं आल्यास ते जपून अवश्य ठेवावे. छापणें झाल्यास नांवें व गांवें गाळून छापावे. लिओची हरकत तेथें अजून लागू आहे, कारण त्या मुलींच्या लेकी-नातवंडांचीं घरें याच मुलखांत असावयाचीं.