पहिला बाण बोथट

ठाण्या-डोंबिवलीच्या घरांत आता एखादं तरी वारली चित्र असतं. त्यात तारपा असतो, लग्नाचा चौक असतो आणि कुठंतरी कोपऱ्यात तिरकामठा ताणून उभा राहिलेला माणूस असतो. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र सगळे बघतात, पण त्या माणसाच्या हातातला बाण कसा निवडलेला असायचा, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आमचं शिवार कल्याण-मुरबाड रस्त्याच्या आतल्या अंगाला. शिवाराला लागून कातकऱ्यांची वाडी. खैराच्या लाकडापासून कात काढायचे म्हणून ते कातकरी, म्हणजेच काथोडी. वाडीतली म्हातारी माणसं लहान पोरांना तिरकामठा शिकवायची, ते मी जवळून पाहिलेलं आहे. त्यांच्यात वही नव्हती, पण शिकवण्याचा क्रम पक्का होता.

पहिला धडा असा, की आधी कामठी आणि मग तीर. पोराला जेवढी ओढवेल तेवढीच कामठी द्यायची. बापाची कामठी घेऊन पोरगं ओढायला लागलं की म्हातारा म्हणायचा, "ठेव रं ती. हात थरथरला तं तीर बी थरथरंल."

कामठी ठरली की तिच्या मापाचा बाण. दोरी पुरती ओढल्यावर बाणाचं टोक कामठीच्या पुढं चार बोटं तरी राहिलं पाहिजे. बाण आखूड पडला, तर टोक मागं घसरतं आणि डाव्या हातात घुसतं. नवशिक्याला म्हणून बाण जरा लांबच द्यायचे. लांब बाण थोडा जड होतो, पण हात शाबूत राहतो.

मग काडी. वेळूची बारीक, सरळ काडी सावलीत वाळवायची. एक डोळा मिटून टोकापासून शेपटापर्यंत बघायचं. जिथं बाक दिसेल तिथं निखाऱ्यावर धरून, गरम असतानाच हातानं सरळ करायचं. नंतर काडी सपाट दगडावर लोळवायची. ती उड्या मारत गेली, तर अजून वाकडी आहे.

काडी किती ताठ हवी, हे कामठीवर ठरतं. दोरी सुटली की धक्क्यानं बाण जरा वाकतो, कामठीला वळसा घालतो आणि पुढं जाऊन सरळ होतो. कामठी जोरकस आणि काडी लेची, तर बाण भलतीकडं जातो. कामठी हलकी आणि काडी फार ताठ, तरी तेच होतं. आज मैदानावर कार्बनचे बाण घेऊन धनुर्विद्या शिकणारी पोरं याला 'स्पाइन' म्हणतात आणि तक्ता बघून बाण घेतात. म्हातारा दोन्ही हातांत काडी वाकवून बघायचा, आणि तेवढ्यात त्याला कळायचं.

बाण फार हलकाही चालत नाही. हलक्या बाणात कामठीचा जोर जिरत नाही, मग तो जोर कामठीलाच बसतो आणि एक दिवस ती तडकते. पिसं एकाच बाजूच्या पंखाची लावायची. डाव्या-उजव्या पंखांच्या पिसांचा बाक उलटा असतो, ती एकत्र केली की बाण नीट फिरत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पोराचा पहिला बाण बोथट असायचा. शेंड्याला लोखंडी पातं नाही, नुसती लाकडाची गाठ. तो केळीच्या खुंटावर, मातीच्या ढेकळावर मारायचा. पातं मिळायला पोराला थांबावं लागे. अर्धवट लागलेलं जनावर रानात तडफडत मरतं, हे त्यांना पसंत नव्हतं. नेम बसल्याशिवाय पातं नाही, हा वाडीचा कायदाच होता.

सरकारी कायदे बाहेरून आले. १८५४ साली रेल्वे कल्याणला आली आणि आमच्या बाजूचं लाकूड-कोळसा मुंबईला जायला वाट सोपी झाली. १८७८ च्या वनकायद्यानं जंगल राखीव झालं, खैर तोडून कात काढणं अवघड झालं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवानेही बंद झाले. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींना जमिनीचे, वनोपजाचे हक्क दिले, पण शिकारीचा हक्क त्यातूनही स्पष्ट वगळला.

शिकार बंद झाली, यावर माझी तक्रार नाही. उरलंय किती रान, ते आपण बघतोच. पण जंगल कुणी संपवलं, याचा हिशेब मांडताना बोट मात्र तिरकामठेवाल्याकडंच दाखवलं जातं. बोथट बाणावर पोराला थांबवून ठेवणाऱ्या माणसानं रान रिकामं केलं, हे मला पटत नाही. आगगाडीनं गेलेलं लाकूड त्याच्या खांद्यावरून गेलेलं नव्हतं.

आज कातकरी समाज सरकारी यादीत अतिमागास आदिम जमातीत आहे. वाडीतली बरीच घरं पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात, पोरंही बरोबर जातात. काडी लोळवून बघणारा हात तिथं विटा थापतो. वाकडी काडी सरळ करायला शिकवणारी शेवटची माणसं आता थकली आहेत. आश्रमशाळेच्या मैदानावर गवताच्या भाऱ्यावर बाण मारायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. तिथं या म्हाताऱ्यांना मास्तर म्हणून बोलवावं, मानधन द्यावं. पोरांना बाण बोथटच द्यावेत, पण निवडायला त्यांनाच लावावं.