समुद्राच्या तळाशी साफसफाई कोण करतं?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एक आलेख घेऊन सरांकडे गेले होते. एका किनारी वेधशाळेने मोजलेल्या, समुद्रतळाजवळच्या ऑक्सिजनचा. रेघ महिन्यामागून महिने खाली चालली होती. मला वाटलं, काहीतरी मोठं सापडलं! सरांनी एकच प्रश्न विचारला, "सेन्सर शेवटचा कधी बदलला होता?" देखभालीच्या नोंदी उघडून पाहिल्या. ज्या दिवशी नवा सेन्सर बसवला, नेमकी त्याच दिवशी माझी रेघ टुणकन वर उडाली होती. ऑक्सिजन समुद्रातला कमी झालाच नव्हता. सेन्सरवर जिवाणूंचा थर साचला होता आणि तो आजूबाजूचा ऑक्सिजन खात होता.

तेव्हापासून मी समुद्री वेधशाळांचा इतिहास देखभालीच्या बाजूने वाचायला लागले. आज तोच तुम्हाला सांगते.

समुद्रतळाचा अभ्यास फार काळ जहाजावरूनच व्हायचा. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभर फिरून जे केलं, तीच पद्धत पुढे शंभर वर्षं चालली: थांबायचं, दोर सोडायचा, तळाचा चिखल वर घ्यायचा, पुढे निघायचं. म्हणजे समुद्राचे सुटे सुटे फोटो. मधल्या काळात काय घडलं, ते कळायला मार्ग नाही. त्यात वादळ आलं की छोटी जहाजं बंदरात परतणार. आणि किनाऱ्याजवळचा गाळ सगळ्यात जास्त हलतो तो वादळातच!

यावर उपाय निघाला, तो म्हणजे तळापर्यंत वायर टाकण्याचा. १९९६ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाने न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर 'लिओ-१५' ही वेधशाळा सुरू केली. नावातला १५ म्हणजे खोली, १५ मीटर. केबलमधून वीज खाली जायची, माहिती वर यायची. खोली कमी असल्यामुळे पाणबुडे खाली उतरून उपकरणं बदलू शकत. पण उथळ पाण्यात ऊन पोहोचतं आणि ऊन पोहोचलं की शेवाळ, बार्नेकल सगळे मुक्कामाला येतात. होडीच्या बुडाला काय चिकटतं ते कोकणात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

पुढची पायरी कॅनडाची. व्हँकुव्हर बेटावर सानिच इनलेट नावाची एक खाडी आहे. तिच्या तोंडाशी पाण्याखाली उंबरठा आहे, सुमारे ७० मीटर खोलीवर. आत मात्र खोली २०० मीटरच्या पुढे जाते. त्यामुळे तळाचं पाणी आत अडकून राहतं आणि त्यातला ऑक्सिजन संपत जातो. ऑक्सिजन नाही म्हणून चिखल उकरणारे किडे नाहीत, आणि किडे नाहीत म्हणून गाळाचे वर्षावर्षाचे थर जसेच्या तसे टिकतात. १९९६ साली इथे ड्रिलिंग करून शास्त्रज्ञांनी हे थर वाचायला वर काढले. जिथे कोणी राहत नाही, तिथली नोंद सगळ्यात नीट!

याच खाडीत २००६ साली 'व्हीनस' वेधशाळा सुरू झाली. तिच्या कॅमेऱ्यासमोर न्यायवैद्यक शास्त्रज्ञ गेल अँडरसन यांच्या गटाने मेलेली डुकरं ठेवली. पाण्यात सापडलेल्या मृतदेहाचं काय होतं, हे पोलिसांना कळावं म्हणून. पुरेसा ऑक्सिजन असताना खेकडे-कोळंब्यांनी काही आठवड्यांतच सांगाडा उरवला. ऑक्सिजन कमी असताना त्याच कामाला महिने लागले. आता विचार करा, शेजारचा ऑक्सिजन सेन्सर खोटं बोलत असता, तर हा फरक आपण कशाच्या माथी मारला असता?

खोल पाण्यात दुरुस्ती किती अवघड असते, ते २००८ मध्ये कॅलिफोर्नियात दिसलं. माँटेरे उपसागरातली 'मार्स' वेधशाळा, ५२ किलोमीटर केबल, खोली जवळपास ८९० मीटर. फेब्रुवारीत वीज सुरू केली आणि काही मिनिटांतच ती बंद पडली. एका कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. ती परत सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. जमिनीवर जे काम पाना घेऊन तासाभरात होतं, त्याला तिथे जहाज, यंत्रमानव आणि शांत हवामान, तिन्ही एकाच वेळी लागतात.

हा धडा २००९ साली सुरू झालेल्या कॅनडाच्याच 'नेपच्यून' वेधशाळेच्या रचनेत दिसतो. तिची ८०० किलोमीटरची केबल सरळ रेषेत नाही, वळसा घालून परत किनाऱ्यालाच येते, म्हणजे एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने वीज देता येते. उपकरणं पाण्याखालीच काढता-घालता येतील अशा कनेक्टरनी जोडलेली आहेत. ठरावीक काळाने जहाज जातं, 'रोपोस'सारखा दूरनियंत्रित यंत्रमानव खाली उतरतो, जुना सेन्सर काढतो, नवा लावतो. जवळच्या पाण्याचे नमुने बाटलीत भरून आणतात आणि त्यातला ऑक्सिजन विंकलरच्या पद्धतीने मोजून सेन्सरशी ताडून पाहतात. ही पद्धत १८८८ सालची आहे! इतक्या महागड्या केबलचा खरेखोटेपणा आजही बाटलीतल्या रसायनावर ठरतो.

हे सगळं आपल्याला जवळचं का? कारण सानिचसारखी गोष्ट गोव्यासमोर दरवर्षी घडते. पावसाळ्यात कमी ऑक्सिजनचं खोल पाणी किनाऱ्याकडे सरकतं, वर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाचा श्वास कोंडतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीसमोर त्याच त्या जागी जाऊन नमुने घेत आले आहेत. त्यांच्या गटाने २००० साली 'नेचर'मध्ये लिहिलं, की ही टंचाई वाढते आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायूही मोठ्या प्रमाणात निघतो आहे.

ही टंचाई आणखी वाढली का, हा प्रश्न मासेमारीवर जगणाऱ्यांच्या पोटाशी जोडलेला आहे. उद्या त्यासाठी आपल्याकडे केबल टाकायची ठरली, तर नव्या केबलच्या उद्घाटनाला गर्दी होईलच. पण इथलं पाणी उबदार आहे, सेन्सरवर थर लवकर साचणार. तो पुसायला दरवर्षी जाणाऱ्या बोटीचा खर्च पहिल्याच अर्जात मांडलेला असला पाहिजे. नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी माझ्यासारखी घसरत चाललेली रेघ घेऊन सरांकडे जाईल, आणि तिच्याकडे उघडून बघायला देखभालीच्या नोंदीच नसतील.