पाटीवरच्या अक्षराला पदवी कशी मिळाली

मंडळी, पुण्याहून पौडाकडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीशी बसा आणि एवढेच करा. भूगाव, पिरंगुट मागे पडेपर्यंत रस्त्याकडेच्या पाट्या वाचू नका, नुसत्या बघा. खताच्या दुकानाची, तालमीची, शाळेची, कुणाच्या वाढदिवसाची. कुठे अक्षर असे ठसठशीत, की धावत्या गाडीतूनही डोळ्यांत भरते. कुठे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन आदळते. यातले प्रत्येक अक्षर कुणीतरी घडवले आहे, कुणीतरी जागेवर बसवले आहे. या कामाला आज ग्राफिक डिझाइन म्हणतात आणि विद्यापीठात ते चार वर्षे शिकवतात.

चार वर्षे? पाट्या रंगवायला? असे तुमच्या मनात आले असेल, तर त्यात वावगे काही नाही. शहरातल्या जाणत्या माणसांनाही ते पटायला फार काळ लागला. म्हणून ही हकीकत जरा मागून सांगतो.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव गुरुजींना तरी माहीत असेलच. तो काढणारे जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला होते. शाळा बेताचीच. १८६९ साली त्यांनी स्वतःचा छापखाना घातला, आणि देवनागरीचे असे सुबक खिळे पाडले की त्या वळणाला देशभर मान मिळाला. ते वळण कोरणारा हात राणोजी रावजी आरू यांचा. हे काम काय असते बघा. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, आणि त्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. इंग्रजीला थोड्या खिळ्यांवर भागते. आपल्याकडे काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे धरून जुळाऱ्यापुढे खिळ्यांचा बाजारच मांडलेला. एक वळण बिघडले की पान बिघडले. आणि हे सारे करणाऱ्याच्या नावापुढे पदवी नाही, पदविकाही नाही.

चित्रांचेही तसेच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात १८७८ साली चित्रशाळा सुरू केली आणि रंगीत चित्रे घराघरांत गेली. मुळशीच्या शेजारी, मावळात, मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना होता. १८९४ साली तो मुंबईत निघाला, पुढे मळवलीला आला, आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. तिथली रीत शिळाछापाची. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि दगड ओला करायचा. पाणी असेल तिथे शाई धरत नाही, तेलकट असेल तिथे धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती अशा दगडांवरून उतरलेल्या आहेत. १९७२ साली आगीत तो छापखाना गेला.

आता शाळेकडे वळू. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईला १८५७ साली कलाशाळा उभी राहिली. तीच जे. जे. पण जाहिरात, वेष्टण, भित्तिचित्र, पुस्तकाचे मुखपृष्ठ असल्या कामाचा स्वतंत्र विभाग तिथे निघाला तो १९३५ साली. 'कमर्शियल आर्ट' हे त्याचे नाव. पोट भरायची कला म्हणून थोर चित्रकारांनी नाक मुरडायचे, आणि घरच्यांनी म्हणायचे, हे कसले शिक्षण! माझे मत विचाराल तर दोघांचेही चुकलेच. औषधाच्या बाटलीवरची सूचना म्हातारीला वाचता आली पाहिजे, हे काही हलके काम नव्हे.

१९६१ साली तो विभाग वेगळा होऊन उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. व्ही. एन. आडारकरांचे नाव तिच्या उभारणीशी जोडलेले आहे. तरी हाती मिळायची ती सरकारी पदविका. १९८१ साली संस्था मुंबई विद्यापीठाला जोडली गेली, तेव्हा पदवी आली. १९३५ पासून मोजा, शेहेचाळीस वर्षे झाली. २०२३ साली जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

मधल्या काळात दुसरीकडूनही वारे वाहत होते. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य सरकारच्या बोलावण्यावरून इकडे फिरले आणि १९५८ साली त्यांनी अहवाल दिला. भारतात पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सर्वांत भावला तो काय म्हणाल? लोटा! आपला रोजचा तांब्या. त्यात पाणी किती मावावे, तो कमरेवर कसा बसावा, ओतताना तोल कसा राहावा, अशा प्रश्नांतून त्यांनी डिझाइन म्हणजे काय ते समजावले. त्यानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली आणि १९६९ साली पवईच्या आय.आय.टी.त औद्योगिक डिझाइन केंद्र आले.

त्या केंद्रात १९८३ पासून र. कृ. जोशी शिकवू लागले. जाहिरातीच्या धंद्यात मुरलेला माणूस, शिवाय कवी. त्यांचा ध्यास एकच : भारतीय अक्षर. संगणकावर मराठी वाचली असेल तर त्यांचे 'मंगल' अक्षर तुमच्या नजरेखालून नक्की गेले आहे. आरूंनी कोरलेला ठसा आणि जोशींनी पडद्यावर आणलेले अक्षर, या दोहोंत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर, पण कोडे तेच. जोडाक्षर बसवायचे कसे?

आज मुळशीतच लवळ्याच्या डोंगरावर सिम्बायोसिसचे विद्यापीठ आहे, जवळच फ्लेम आहे. डिझाइनच्या खास संस्था जिल्ह्यात विमाननगरला आणि लोणी काळभोरला आहेत. इमारती जवळ आल्या खऱ्या, पण दार जवळ आले का? खाजगी संस्थांचे शुल्क शेतकऱ्याच्या घराला झेपणारे नाही. आय.आय.टी.कडे नेणाऱ्या डिझाइनच्या परीक्षेचा पेपर इंग्रजीत. मग ज्या पोराचा हात मराठी अक्षरावर बसलेला आहे, तोच मागे राहतो, आणि पाटीवर आदळणारी वेलांटी तशीच राहते. ही नुसती त्या पोराची हानी नव्हे.

तरी एक वाट आहे, ती तुमच्याच शाळेतून जाते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना पोरांना बसवा. इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळतात, हे पालकांना सांगितले की त्यांचा विरोध निम्मा होतो. बारावीनंतर राज्याची कलाप्रवेश परीक्षा देऊन सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयात जाता येते, आणि तिथले शुल्क खाजगीच्या मानाने पुष्कळच कमी. शाखेची अट नाही. कला, वाणिज्य, विज्ञान, काहीही चालते.

तुमच्या शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार कोण लिहितो, ते एकदा बघा. गणपतीच्या मंडळाचा फलक कुणी रंगवला, तेही विचारा. त्या मुला-मुलींची नावे आजच टिपून ठेवा, म्हणजे अर्जाची मुदत हुकणार नाही.