निवेदकाशिवायचा युक्तिवाद

जानेवारी १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका न्यायाधीशांनी ‘टिटिकट फॉलीज’ या माहितीपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. चित्रपट अश्लील नव्हता, देशाच्या सुरक्षेलाही त्यापासून धोका नव्हता. त्यात दिसणाऱ्या मनोरुग्ण कैद्यांच्या खासगीपणाचा भंग झाला, असं सरकारचं म्हणणं होतं. फ्रेडरिक वाइझमन यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट. पुढच्या अर्धशतकाहून अधिक काळात त्यांनी शाळा, पोलीस, इस्पितळं, बालन्यायालय, ग्रंथालय, नगरपालिका अशा संस्थांवर चाळीसहून अधिक चित्रपट केले आणि त्यांच्याबद्दल एक समज रूढ झाला. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, पार्श्वसंगीत नाही, म्हणजे दिग्दर्शक तटस्थ. कॅमेरा ठेवला आणि घडलं ते टिपलं. हा समज मला साफ चुकीचा वाटतो. वाइझमन मूळचे कायद्याचे माणूस. पुरावे एका विशिष्ट क्रमाने मांडून त्यांनी केलेले युक्तिवाद म्हणजे हे चित्रपट. समारोपाचं भाषण तेवढं त्यांनी कधी केलं नाही.

जन्म १९३० चा, बॉस्टनचा. येलमधून कायद्याची पदवी घेतल्यावर ते बॉस्टन विद्यापीठात कायदा शिकवत होते. आपल्या विद्यार्थ्यांना ते ब्रिजवॉटरच्या सरकारी संस्थेत घेऊन जात. यातलीच काही मुलं उद्या सरकारी वकील आणि न्यायाधीश होणार. माणसांना आपण नेमकं कुठे धाडतो हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं, हा हेतू. ब्रिजवॉटर नावाला इस्पितळ, पण कारभार तुरुंग खात्याचा. १९६६ मध्ये रीतसर परवानगी मिळवून वाइझमन ‘टिटिकट फॉलीज’च्या चित्रीकरणासाठी तिथे गेले. कॅमेरा जॉन मार्शल यांच्याकडे, ध्वनिमुद्रण स्वतःकडे. ही वाटणी त्यांनी पुढे कायम ठेवली. माइक जिकडे वळेल तिकडे कॅमेरा, त्यामुळे दिग्दर्शन कानाने व्हायचं. हलका १६ मिलिमीटर कॅमेरा आणि खांद्याला अडकवता येणारा टेपरेकॉर्डर नुकतेच हाताशी आले होते, म्हणून हे जमलं. चित्रपटातला एक प्रसंग पाहा. पूर्वी शिक्षक असलेल्या एका कैद्याला पहारेकरी विचारतात, उद्या खोली स्वच्छ ठेवणार ना? तो हो म्हणतो. ऐकू आलं नाही, म्हणत ते पुन्हा विचारतात, मग पुन्हा. दाढी करताना कापल्याने त्याच्या तोंडाशी रक्त येतं, तरी प्रश्न तोच. शेवटी तो नागड्या अंगाने रिकाम्या कोठडीत पाय आपटत राहतो. पहारेकऱ्यांच्या आवाजात राग नाही, नेहमीची थट्टा आहे, आणि ती कॅमेऱ्यासमोरही आवरावीशी त्यांना वाटत नाही. संस्थेविरुद्धचा सगळ्यात बोलका पुरावा हाच.

आता खासगीपणाचा आक्षेप. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांचं मन ठिकाणावर नाही त्यांनी दिलेल्या संमतीला अर्थ काय? आपण उघडेवाघडे पडद्यावर दिसणार आहोत, हे त्या माणसांना कळलं तरी होतं का? या प्रश्नांना वाइझमन यांच्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर होतं, असं म्हणता येणार नाही. पण हा आक्षेप कोण घेत होतं, हे पाहायला हवं. ज्या सरकारने या माणसांना कपड्यांविना कोंडलं, तेच सरकार त्यांच्या अब्रूचा कैवार घेऊन कोर्टात उभं होतं. वाइझमन यांना परवानगी मिळवून देण्यात मदत करणारे एलियट रिचर्डसन तोवर राज्याचे महाधिवक्ता झाले होते, आणि बंदीचा दावा त्यांच्याच कार्यालयाने चालवला. १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा हुकूम रद्द केला. मात्र डॉक्टर, वकील, न्यायाधीश, समाजसेवक आणि त्या विषयांचे विद्यार्थी यांनाच चित्रपट पाहण्याची मुभा दिली. म्हणजे कैद्यांचे चेहरे शेकडो परक्यांनी पाहिले तरी चालणार होते, फक्त ज्याच्या करातून ती संस्था चालते त्या नागरिकाने पाहायचे नव्हते. खासगीपणा कुणाचा राखला गेला, हे यातच उघड होतं. सार्वजनिक प्रदर्शनाची बंदी उठायला १९९१ साल उजाडलं. दरम्यान १९८७ मध्ये ब्रिजवॉटरमध्ये मरण पावलेल्या काही कैद्यांच्या कुटुंबीयांनी संस्थेवर दावे लावले होते. १९६६ नंतर तिथे बदल आणि सुधारणा झाल्याचा खुलासा चित्रपटात घालावा, अशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची अट होती. वाइझमन यांनी ती पाळली, पण खास वकिली पद्धतीने: आधी असा खुलासा घालण्याचा न्यायालयाचा हुकूम आहे हे सांगणारी पाटी, आणि मग तो खुलासा, शब्दाला शब्द. अधिक काही नाही!

ही बेरकी मांडणी संकलनातही दिसते. अन्न नाकारणाऱ्या एका कैद्याच्या नाकातून नळी घालून त्याला जबरदस्तीने भरवलं जातं. नरसाळ्यावर वाकलेल्या डॉक्टरच्या तोंडात पेटती सिगारेट. या दृश्याच्या मधेमधे त्याच कैद्याच्या मृतदेहाची दफनाआधीची तयारी दिसते, आणि जिवंतपणी झाली नाही एवढी त्याची निगा मेल्यावर होते. दोन वेगळ्या दिवसांचे तुकडे असे शेजारी बसवणं याला तटस्थता कसं म्हणायचं? ही जोडणी जरा ढोबळ झाली, असं पुढे वाइझमन यांनीच म्हटलं, आणि नंतरच्या चित्रपटांत ते अधिक सावध झाले. ‘हायस्कूल’ (१९६८) या फिलाडेल्फियातल्या शाळेवरच्या चित्रपटात अखेरीस मुख्याध्यापिका एका माजी विद्यार्थ्याचं पत्र वाचतात. व्हिएतनाममध्ये लढाईवर निघालेला तो मुलगा स्वतःला काम बजावणारा एक देह म्हणवतो, आणि बाईंना त्यात शाळेचं यश दिसतं. पत्र काय सांगतं हे प्रेक्षकाला समजतं, कारण त्याआधी तासभर आज्ञापालनाचे धडेच त्याने पाहिलेले असतात.

मग हा एकतर्फी प्रचारच नव्हे का? चांगला युक्तिवाद विरुद्ध जाणारा पुरावा लपवत नाही, आणि वाइझमन यांची खरी परीक्षा इथेच होते. ‘लॉ अँड ऑर्डर’ (१९६९) साठी कॅन्सस सिटीच्या पोलिसांबरोबर फिरायला ते गेले, ते पोलिसांचं पितळ उघडं पाडण्याच्या इराद्याने. थोड्याच दिवसांत ही समजूत अपुरी असल्याचं लक्षात आलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. चित्रपटात एक पोलीस वेश्याव्यवसायातल्या बाईचा गळा आवळतो, आणि हरवलेल्या लहान मुलीला जपणारे पोलीसही त्याच चित्रपटात आहेत. यातलं एक दृश्य दुसऱ्याचं पाप धुऊन काढत नाही. ‘हॉस्पिटल’ (१९७०) मधले न्यूयॉर्कचे डॉक्टर तर अनेकदा यंत्रणेशीच भांडताना दिसतात, फोनवर, मेटाकुटीला येऊन.

लांबीची तक्रारही जुनी आहे. ‘नियर डेथ’ (१९८९) ३५८ मिनिटांचा, ‘सिटी हॉल’ (२०२०) साडेचार तासांचा. १९७१ मध्ये झिपोरा फिल्म्स ही स्वतःची वितरण संस्था काढल्याने आणि सार्वजनिक दूरचित्रवाणीचा पाठिंबा मिळाल्याने ही चैन त्यांना परवडली, हे खरं. पण ‘नियर डेथ’ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल इस्पितळातला अतिदक्षता विभाग आहे. कृत्रिम श्वसन थांबवायचं की नाही, हे डॉक्टर, परिचारिका आणि नातेवाईक पुन्हा पुन्हा बोलतात, कालचं आज बदलतात. कुणालाच शेवटचा शब्द उच्चारायचा नसतो. डॉक्टर आकडे सांगतात, कुटुंबाला ऐकायची असते आशा. तीच चर्चा चार मिनिटांत उरकली असती, तर निर्णय डॉक्टरांनी घेतला असंच प्रेक्षकाला वाटलं असतं, आणि वस्तुस्थिती तशी नव्हती.