मालक गावाला गेल्यावर: घरच्या फिश टँकच्या राखणीचा इतिहास

घरात काचेच्या टाकीत मासे पाळले की एक प्रश्न आपोआप उभा राहतो: घरातली माणसे आठ-पंधरा दिवस गावाला गेली, तर माशांकडे कोण पाहणार? टाकी सोबत नेता येत नाही आणि दुसऱ्याच्या घरी हलवणेही माशांना सोसत नाही. या प्रश्नाला आधी नोकराचे, मग निसर्गाच्या समतोलाचे आणि पुढे विजेच्या यंत्रांचे उत्तर मिळत गेले. पाहणारा प्रत्येक वेळी माशांच्या पोटाची काळजी करत होता, पण खरी राखण पाण्याची करायची असते, हे समजायला मोठा काळ जावा लागला.

शोभेचे मासे पाळण्याची सर्वांत जुनी परंपरा चीनची. सोंग राजवटीत (९६०–१२७९) तिथे तळ्यांमध्ये सोनेरी मासे जोपासले जात. मिंग काळात ते घराच्या अंगणात, मातीच्या मोठ्या कुंड्यांमध्ये आले. १५९६ मध्ये तर त्यांच्या जोपासनेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले गेले. कुंडीचे तोंड रुंद असल्याने हवेतला प्राणवायू पाण्यात सहज मिसळे. कडेला शेवाळ धरे, पाण्यात डासांच्या अळ्या होत आणि मासे त्यांवर गुजराण करत. एखाद-दुसरा दिवस कोणी लक्ष दिले नाही, तरी अशी कुंडी तग धरू शकत असे. सतराव्या शतकात गोल्डफिश युरोपात पोचला आणि पुढे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात काचेच्या गोल भांड्यात दिसू लागला. भांडे देखणे होते, पण माशांच्या दृष्टीने वाईट. पाणी थोडे आणि तोंड अरुंद, त्यामुळे ते सतत बदलावे लागे. हे काम नोकरांचे होते, त्यामुळे मालकाच्या असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नसे.

समुद्री जीवांच्या बाबतीत ही मेहनत फार मोठी होती. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी लंडनमध्ये रोज कुठून मिळणार? त्यांनी आहे तेच पाणी वापरात ठेवले आणि त्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतण्याची पद्धत सुरू केली. घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास हे काम करी. पुढच्या वर्षी थिनबाईंनी भांड्यात समुद्रशेवाळही ठेवले. आज मोटर जे काम दिवसरात्र करते, ते तेव्हा एका बाईच्या हातांवर चालत होते. तिचे नाव मात्र या इतिहासात नोंदलेले नाही.

त्याच लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने १८२९ मध्ये पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटली झाकली होती. काही दिवसांनी त्या मातीतून नेचे आणि गवत उगवले. बाटलीतला ओलावा वर चढून काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे, त्यामुळे पाणी घालायची गरजच पडली नाही. कोणीही लक्ष न देता ती रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. शेवटी वॉर्ड घरी नसताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे गेली. या अनुभवातून बंद काचपेट्यांमधून जगभर रोपे पाठवण्याची पद्धत निघाली. काचेआड जीव माणसाच्या मदतीशिवाय जगू शकतो, हा विश्वासही त्यातूनच आला.

तो विश्वास पाण्यात उतरवला रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. त्याने बारा गॅलनच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पतीने घ्यावा आणि बदल्यात प्राणवायू द्यावा, अशी कल्पना होती. पण कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पाने आणि शेवाळ फस्त केले, त्यांची अंडी माशांचे खाद्य झाली आणि पाणी न बदलता स्वच्छ राहिले. १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्याने हा प्रयोग मांडला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा समतोल साधला की टाकी स्वतःचे स्वतः पाहते, हे सूत्र पुढची अनेक दशके प्रमाण मानले गेले.

यानंतर इंग्लंडमध्ये मत्स्यपात्रांची लाट आली. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वेने मध्यमवर्ग सुट्टीत समुद्रकिनारी जाऊ लागला होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मे १८५३ मध्ये माशांचे दालन उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले. सुट्टीला गेलेली कुटुंबे खडकांतल्या डबक्यांतून समुद्रफुले, खेकडे आणि लहान मासे घरी आणू लागली. सुट्टीने या छंदाला बळ दिले, पण आणलेले जीव घरी टिकवणे बहुतेकांना जमले नाही. पात्रे लहान, जीव फार आणि ऊन थेट, अशा स्थितीत समतोल बिघडे आणि एक जीव मेला की सारे पाणी नासे. १८६० च्या दशकात ही लाट ओसरली.

मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांनी यातून धडा घेतला. लंडनमध्ये समुद्री जीवांचे दुकान चालवणारे विल्यम आल्फर्ड लॉइड पुढे हॅम्बुर्गच्या (१८६४) आणि क्रिस्टल पॅलेसच्या (१८७१) मत्स्यालयांचे काम पाहू लागले. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कित्येक पट पाणी त्यांनी खाली अंधाऱ्या हौदात साठवले आणि पंपाने ते सतत फिरते ठेवले. पाणी जितके जास्त आणि फिरते, तितका बिघाड सावकाश होतो. घरच्या छोट्या टाकीपेक्षा मोठी टाकी मालकाची गैरहजेरी अधिक सोसते, ते याच कारणाने.

वॉरिंग्टनच्या सूत्रात एक दुवा मात्र गहाळ होता. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. तो विषारी असतो आणि वनस्पती थोड्या असतील तर त्यांना तो संपवता येत नाही. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी अमोनियाचे नायट्रेट करण्याचे काम सूक्ष्मजीव करतात, हे दाखवले. वॉरिंग्टनचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात याच क्रियेवर कित्येक वर्षे काम करत होता. ही क्रिया दोन टप्प्यांत होते, आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, हे त्याच्या प्रयोगांतून पुढे आले. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले. वडिलांनी मांडलेल्या समतोलातली उणीव मुलाच्या शास्त्राने भरून निघाली, पण तो अभ्यास मातीचा होता. मासे पाळणाऱ्यांपर्यंत त्याचा अर्थ पोचायला आणखी काही दशके गेली. टाकीतली वाळू आणि फिल्टरचा स्पंज यांवर हेच जिवाणू वस्ती करतात. फिल्टर नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतला तर ही वस्ती मरते. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी फिल्टर चकचकीत करण्याची हौस महागात पडते.

विसाव्या शतकात उष्ण कटिबंधातले रंगीत मासे युरोप-अमेरिकेच्या घरांत आले आणि अडचण वाढली. थंडीत पाणी कोमट ठेवण्यासाठी सुरुवातीला टाकीखाली तेलाचा दिवा किंवा गॅसची ज्योत ठेवत. दिव्यात रोज तेल घालावे लागे, म्हणजे घर सोडणे अशक्यच. विजेचा हीटर, थर्मोस्टॅट आणि एअर पंप यांनी ही बेडी तोडली. खाद्याचा प्रश्न १९५० च्या दशकात सुटला. तोवर डॅफ्निया, ट्युबिफेक्स किडे असे जिवंत खाणे गोळा करावे लागे. जर्मनीत उलरिख बेन्श यांनी कोरड्या पापुद्र्यांच्या रूपात पूर्ण आहार बाजारात आणला आणि माशांचे जेवण डबीत मावू लागले. आता शेजाऱ्यालाही मासे सांभाळता येतील असे वाटू लागले. पण जिथे माणसावरचा भार कमी झाला, तिथे विजेवरचा वाढला. पंप बंद पडला की प्राणवायू घटतो, आणि फिल्टर काही तास बंद राहिला की त्यातले जिवाणूही गुदमरू लागतात.

भारतात लोकांना मासे काचेआड पाहण्याची संधी मिळाली ती १९०९ मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावरच्या मत्स्यालयात. ते मत्स्यालय दुसऱ्या महायुद्धात बंद पडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि शाळेच्या सहलींतून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना माशांची ओढ त्याने लावली. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून गप्पी, मॉली, एंजल, फायटर पिशवीत भरून घरोघर गेले. चेन्नईजवळचे कोळत्तूर अशा माशांच्या पैदाशीचे मोठे केंद्र बनले.

मराठी घरांत टाकी एकटी पडते ती मे महिन्याच्या सुट्टीत, गणपतीला कोकणात जाताना आणि दिवाळीत. यांत मे सर्वांत कठीण. २० अंश सेल्सियसला लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उन्हाळ्यात माशांची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. त्यात बाष्पीभवन होते आणि वीज गेली तर पंपही थांबतो. किल्ली शेजारच्या काकूंकडे दिलेली असते. मासे काचेपाशी येऊन तोंड उघडमीट करतात, काकूंना ते भुकेले वाटतात आणि त्या मायेने चिमूटभर जास्त टाकतात. उरलेले खाद्य कुजते, अमोनिया वाढतो आणि मासे मरतात. इतक्या प्रेमाने केलेले काम असे उलटते, ते केवळ आधी नीट सांगून न ठेवल्यामुळे.

मासा शीतरक्ती असतो. शरीर गरम ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही, म्हणून निरोगी प्रौढ मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. पिलांना हे चालत नाही. तीन-चार दिवसांच्या प्रवासासाठी काहीच न देणे उत्तम. जास्त दिवस जायचे असेल तर एकेका वेळचे खाद्य कागदी पुड्यांत बांधून द्यावे आणि डबी कपाटात ठेवावी. बाजारात मिळणाऱ्या सुट्टीच्या खाद्यवड्यांमुळे छोट्या टाकीचे पाणी बिघडू शकते. बॅटरीवरचे स्वयंचलित खाद्ययंत्र बरे, पण निघण्याआधी निदान आठवडाभर चालवून पाहावे. थोडे पाणी चार दिवस आधी बदलावे, नवे मासे आणू नयेत, टाकीवर झाकण ठेवावे, दिव्याला टायमर लावावा आणि लोडशेडिंगच्या भागात बॅटरीचा एअर पंप जोडून द्यावा.

१९९९ मध्ये डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन अभ्यासिकेने मातीत वाढणाऱ्या भरपूर वनस्पती आणि मोजके मासे यांवर आधारलेल्या टाकीचे शास्त्र पुस्तकरूपाने मांडले. वॉरिंग्टनचा समतोल आणि जिवाणूंचे ज्ञान त्यात एकत्र आले. वनस्पती अमोनियाच शोषून घेतात, त्यामुळे अशी टाकी यंत्रांवर कमी विसंबते. मालक नसताना टाकी किती दिवस टिकेल, हे प्रवासाच्या आदल्या दिवशी ठरत नाही. टाकी केवढी घेतली, तिच्यात किती मासे सोडले आणि वनस्पतींना किती जागा दिली, यांवर ते पहिल्या दिवशीच ठरलेले असते.